चूक एकाची, आउट दोघे? बेसबॉलमधला अडथळ्याचा नियम कुणी नीट समजावून सांगेल का?

माळरान | रविवार, सकाळी ८:१०

शनिवारी धाकट्याची मॅच होती. न्यू जर्सीत आमच्या गावातली मुलांची लीग, वय वर्षं बारापर्यंत. शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे, तीनपैकी एक आउट झालेला आणि फर्स्ट बेसवर आमचा रनर. बॅटिंगला आमचं पोरगं, उजव्या हाताने खेळतं. दोन स्ट्राइक झालेल्या, तिसरी झाली की आउट.

पुढचा चेंडू खाली आणि बराच बाहेर होता. पोराने जीव खाऊन बॅट फिरवली, चेंडू लागला नाही. त्याच क्षणी फर्स्टवरचा रनर सेकंडकडे सुटला. कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा, बॅटरच्या मागे बसतो तो) फेकायला उठला आणि मध्येच अडखळला. चेंडू त्याच्या हातातून निघाला खरा, पण पिचरच्या, म्हणजे बोलरच्या, पायाशीच पडला. रनर आरामात सेकंडवर पोचला. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर अंपायरने दोन्ही हात वर केले, मुलाकडे बोट दाखवून आउट दिलं, मग रनरकडे बोट दाखवून त्यालाही आउट दिलं. मॅच खलास.

घरी येईपर्यंत गाडीत पोरगं रडत होतं. "बाबा, मी मुद्दाम काहीच नाही केलं. आणि मी तर स्ट्राइक आउट झालोच होतो ना? मग तो का आउट?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सोलापूरचा, क्रिकेटवर वाढलेला. बेसबॉल जे काही शिकलो ते कठड्याला टेकून, मुलाच्या मॅच बघता बघता. कोचला विचारलं तर तो म्हणाला, "बॅटर्स इंटरफिअरन्स", आणि किटबॅग उचलून निघून गेला.

मला हे मुलाला नीट समजावून सांगायचं आहे. हा नियम नेमका आहे काय? आणि एका चुकीला दोन आउट कसे?

---

पाचवा_गिअर | सकाळी ८:३४

व्हिडिओ आहे का? कुणीतरी आईबाप नक्की काढत असणार. तो मिळेपर्यंत इथे पन्नास प्रतिसाद आणि पन्नास अंपायर तयार होतील.

---

शेवगा | सकाळी ९:०२

माळरान, मला तर हा सरळ अन्याय वाटतो. क्रिकेटमध्येही क्षेत्ररक्षणात अडथळा आणला तर बाद देतात, पण तिथे 'हेतुपुरस्सर' हा शब्द नियमातच आहे. मोहिंदर अमरनाथला १९८९ मध्ये अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध असंच बाद दिलं होतं. इंझमामला २००६ मध्ये पेशावरला आपल्याविरुद्धच दिलं, त्याने यष्टींकडे येणारा थ्रो बॅटने अडवला होता. दोन्ही वेळा प्रश्न एकच, मुद्दाम केलं का? बारा वर्षांचं पोरगं चेंडू चुकल्यावर तोल जाऊन पुढे गेलं, त्यात मुद्दाम काय आलं? आणि दुसऱ्या मुलाने तर काहीच केलं नव्हतं.

---

पंचकाका | सकाळी १०:२०

मी ओहायोत अकरा वर्षं मुलांच्या मॅचना अंपायरिंग करतो आहे. हा निर्णय मीही दिलेला आहे आणि त्यानंतर पालकांचे चेहरेही पाहिलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मूळ नियम. बॅटर जर बॅटर्स बॉक्सच्या (त्याला उभं राहायला आखलेल्या चौकटीच्या) बाहेर पाऊल टाकून किंवा दुसरी कसलीही हालचाल करून कॅचरच्या फेकण्याच्या किंवा चेंडू अडवण्याच्या आड आला, तर तो आउट. शेवगा, इथे 'मुद्दाम' हा शब्द नाही. अंपायरने फक्त एवढंच बघायचं की कॅचरला अडचण झाली का आणि ती बॅटरच्या हालचालीमुळे झाली का. मुलाच्या मनात काय होतं हे मला मास्कमागून दिसत नाही. कॅचरचं कोपर बॅटरच्या पाठीत अडकलं हे दिसतं.

आता पुढची गंमत. अडथळा दिसला तरी खेळ लगेच थांबवायचा नसतो. अंपायर बोट दाखवून ओरडतो, पण कॅचरचा थ्रो पूर्ण होऊ देतो. त्या थ्रोवर रनर आउट झाला तर अडथळा झालाच नाही असं धरायचं, बॅटर आपला खेळत राहतो. कॅचरला जे हवं होतं ते मिळालं, मग तक्रार कसली? रनर वाचला तर मात्र खेळ तिथेच थांबतो, बॅटर आउट आणि रनर परत आपल्या जुन्या बेसवर.

माळरान, तुमच्या मॅचमध्ये अडचण अशी झाली की बॅटर आधीच स्ट्राइक आउट झालेला होता. आता त्याला आणखी काय शिक्षा देणार? एक माणूस दोनदा आउट होत नाही. मग नियम म्हणतो, बॅटर स्ट्राइकवर आउट आणि ज्या रनरला आउट करायला कॅचर फेकत होता तो अडथळ्यामुळे आउट.

हे नसतं तर काय झालं असतं बघा. तिसरी स्ट्राइक झालेल्या बॅटरकडे गमावण्यासारखं काहीच उरत नाही. त्याने खुशाल कॅचरच्या अंगावर पडावं आणि मित्राला सेकंड बेस फुकटात मिळवून द्यावा. ती पळवाट बंद करण्यासाठी हा दुसरा आउट आहे.

---

कोथिंबीर | सकाळी १०:४१

म्हणजे अंपायरने एका दगडात दोन पक्षी मारले. पण पंचकाका, समजावून छान सांगितलंत. बेसबॉलमधलं इतकं मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

---

शेवगा | सकाळी ११:०५

पण तो थ्रो चांगला गेला असता याची खात्री काय? बारा वर्षांचा कॅचर आहे. निम्मे थ्रो तर सेंटरफील्डमध्ये जातात. अडथळा नसतानाही रनर वाचला असता तर?

---

पंचकाका | सकाळी ११:३०

वाचला असता, असू शकतं. पण ते अंपायरने ठरवायचं नाही. संधी होती आणि ती गेली, एवढं पुरतं. शिवाय मुलांच्या लीगमध्ये चेंडू बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय रनरला बेस सोडता येत नाही. त्यामुळे मोठ्यांच्या खेळापेक्षा इथे कॅचरला वेळ जास्त मिळतो आणि आउट होण्याची शक्यता अगदीच लहान नसते.

माळरान, मला एक वेगळंच विचारायचं आहे. कॅचर नेमका कशामुळे अडखळला? मुलाच्या अंगामुळे की बॅटमुळे? हे फार महत्त्वाचं आहे.

---

माळरान | सकाळी ११:४८

मी फर्स्ट बेसच्या बाजूच्या कठड्याशी होतो, मला नीट दिसलं नाही. मुलगा म्हणतो, बॅट पूर्ण मागे फिरली, ती कॅचरला लागली असेल. फरक पडतो का?

---

पंचकाका | दुपारी १२:१५

फरक म्हणजे अख्ख्या मॅचचा फरक.

बॅटरने जोरात बॅट फिरवली, चेंडू चुकला, आणि तीच बॅट गोल फिरून मागे नकळत कॅचरला लागली, तर व्यावसायिक बेसबॉलच्या पुस्तकात तो इंटरफिअरन्स धरतच नाहीत. फक्त स्ट्राइक. चेंडू डेड, म्हणजे खेळ थांबला, रनर परत फर्स्टवर. तसं झालं असेल तर तुमचा मुलगा स्ट्राइक आउट, दोन आउट झालेले, फर्स्टवर रनर आणि पुढचा बॅटर खेळायला. म्हणजे मॅच चालू राहायला हवी होती. प्रत्येक लीगच्या पुस्तकात थोडा फरक असतो, पण आधी व्हिडिओ शोधा.

---

पाचवा_गिअर | दुपारी १२:१७

पहिला प्रतिसाद कुणाचा होता बरं? व्हिडिओ!

---

रानजाई | दुपारी १:५०

मी जळगावची. शाळेत आणि कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, सात वर्षं कॅचर होते. माझी बाजू ऐका, कारण या धाग्यावर सगळे बॅटरबद्दलच बोलतायत आणि त्या बिचाऱ्या कॅचरचं कुणीच विचारत नाहीये.

कॅचर बसलेली असते गुडघे वाकवून, पायाला पॅड, तोंडावर जाळी. चेंडू हातात आला की एका झटक्यात उठायचं, पाय फिरवायचा, चेंडू ग्लोव्हमधून काढायचा आणि सेकंडला फेकायचा. या सगळ्याला मिळून दोन आकडे मोजण्याइतकाही वेळ नसतो. आणि नेमक्या त्याच वेळी समोर बॅटरचा खांदा आला की हात आपोआप आखडतो. आपण ठरवून थांबत नाही, समोर माणूस आहे म्हणून अंगच थांबतं. माळरान, तुमच्या मॅचमधल्या त्या मुलाचा चेंडू पिचरच्या पायाशी पडला ना, तो असाच पडतो. माझा कितीदा तरी पडलाय.

आमचे सर बॅटिंगच्या सरावाला फक्कीने बॉक्स आखायचे आणि सांगायचे, "चेंडू चुकला की पुतळा व्हायचं." म्हणजे जिथे आहात तिथेच थांबायचं, वाकायचं नाही, पुढे जायचं नाही, मागे सरायचं नाही. कारण पुतळ्याभोवतून कसं फेकायचं हे कॅचरला कळतं, हलणाऱ्या माणसाभोवतून नाही. मॅचमध्ये मात्र दुसऱ्या इनिंगपर्यंत ती फक्की पायांनी पुसून गेलेली असायची आणि मग बॉक्स कुठे संपतो हे फक्त अंपायरला आणि देवाला ठाऊक.

---

पंचकाका | दुपारी २:०५

रानजाई, तुमच्या सरांना नमस्कार सांगा. फक्त एक भर घालतो. 'पुतळा' हा सल्ला नव्वद टक्के बरोबर आहे. पण समजा चेंडू कॅचरच्या हातून सुटून लांब गेला, थर्डवरचा रनर होमकडे (बॅटरच्या पुढ्यातली प्लेट, तिथे पोचला की रन) धावत येतोय आणि बॅटर अजून बॉक्समध्येच उभा आहे. तिथे त्याला बाजूला व्हायला वेळ होता, म्हणून उभं राहणं हाच अडथळा ठरू शकतो. बॉक्स म्हणजे काही देवळाचा गाभारा नव्हे, की आत आहे म्हणून कुणी हात लावायचा नाही. आणि होमवर असा अडथळा झाला की हिशोब पुन्हा बदलतो. दोन आउट व्हायच्या आधी असेल तर होमकडे येणारा रनर आउट, दोन आउट झालेले असतील तर बॅटर आउट. काहीही झालं तरी रन मिळत नाही.

---

सिनसिनाटीकर | दुपारी ३:४०

पंचकाका ओहायोचे, मीही ओहायोचा. मग १४ ऑक्टोबर १९७५ हा दिवस इथे यायलाच हवा.

मी तेव्हा इथे शिकत होतो. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मेजर लीगच्या फायनलची, तिसरी मॅच, रिव्हरफ्रंट स्टेडियम, आमचे रेड्स विरुद्ध बोस्टन. ५-५ अशी बरोबरी, दहावी इनिंग. सेसर हेरोनिमो फर्स्टवर. बॅटिंगला बदली म्हणून एड आर्मब्रिस्टर आला, काम एकच, बंट करायचा, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच पुढ्यात पाडायचा. बंट केला तो प्लेटच्या पुढ्यातच उंच उसळला. कॅचर कार्लटन फिस्क चेंडूवर झेपावला, आर्मब्रिस्टर एक पाऊल टाकून थबकला, आणि दोघांची टक्कर. फिस्कने त्याला बाजूला ढकलून चेंडू सेकंडला फेकला, तो गेला थेट सेंटरफील्डमध्ये. हेरोनिमो थर्डवर, आर्मब्रिस्टर सेकंडवर. बोस्टनचे सगळे प्लेटवरचे अंपायर लॅरी बार्नेट यांच्या भोवती जमले. बार्नेट यांनी मान हलवली, इंटरफिअरन्स नाही. थोड्या वेळाने जो मॉर्गनने हिट मारला आणि आम्ही ६-५ ने जिंकलो. सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेली आणि तीही आम्ही जिंकलो.

आमच्या हॉस्टेलच्या टीव्हीसमोर त्या रात्री दोन तट पडले होते. मी अजूनही म्हणतो, निर्णय बरोबर होता.

---

चार्ल्सकाठ | दुपारी ३:५८

सिनसिनाटीकर, निर्णय सपशेल चुकला होता. मी बोस्टनचा. माझ्या सासऱ्यांसमोर आर्मब्रिस्टरचं नाव काढलं तर ते अजूनही जेवणाच्या ताटावरून उठतात.

---

पंचकाका | दुपारी ४:३०

दोघांनी शांत व्हा, सांगतो. चेंडू बॅटला लागला की बॅटर हा 'बॅटर' उरतच नाही, तो फर्स्टकडे धावणारा रनर होतो. म्हणजे माळरानच्या मुलाचा नियम इथे लागू होत नाही. बॅटला लागलेला चेंडू उचलायचा पहिला हक्क क्षेत्ररक्षकाचा असतो आणि रनरने त्याला टाळून जायचं असतं, हे खरं. पण प्लेटजवळ दोघंही एकाच जागेतून एकाच क्षणी निघतात. एकाला चेंडूकडे जायचंय, दुसऱ्याला फर्स्टकडे, आणि दोघांनाही जाण्याचा हक्क आहे. आजच्या पुस्तकात यावर स्पष्ट टीप आहे, अशी टक्कर साधारणपणे सोडून द्यायची, काहीच द्यायचं नाही. चार्ल्सकाठ, तुमच्या सासऱ्यांचा मुद्दा इतकाच उरतो की आर्मब्रिस्टर धावत नव्हता, थबकला होता. ते मला मान्य आहे. त्या थबकण्यावर मलाही रात्री विचार करायला लागला असता.

---

चार्ल्सकाठ | दुपारी ४:४६

सासऱ्यांना वाचून दाखवलं. ताटावरून उठले नाहीत. "हा माणूस विचार करणारा आहे," म्हणाले.

---

शेवगा | सायंकाळी ६:१०

दिवसभर वाचतोय. एक मुद्दा अजून पटत नाही. बेसबॉलमध्ये हेतू कधीच बघत नाहीत का? मग २००४ मध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जने पिचरच्या ग्लोव्हवर चापट मारून चेंडू पाडला, तो आणि एखादं बारकं पोरगं तोल जाऊन पुढे गेलं, हे दोघं सारखेच?

---

पंचकाका | सायंकाळी ६:४०

नाही, हेतू बघतात, पण सगळीकडे नाही. बॅटने मारलेला चेंडू क्षेत्ररक्षक पकडत असताना रनर आड आला तर हेतू बघायचा नाही, तो आउट. पण फेकलेला चेंडू रनरला लागला तर त्याने तो मुद्दाम अडवला का, हे बघायचं. कारण साधं आहे. मारलेला चेंडू समोर दिसतो, त्याला टाळून जाता येतं. फेकलेला चेंडू पाठीमागूनही येतो, रनर तरी काय करणार?

पहिल्या प्रकाराचं ताजं उदाहरण २३ मे २०२४ चं आहे, शिकागोत व्हाइट सॉक्स विरुद्ध ओरिओल्स. नववी इनिंग, व्हाइट सॉक्स ८-६ ने मागे, एक आउट, फर्स्ट आणि सेकंडवर रनर. चेंडू इनफील्डमध्येच उंच उडाला. इनफील्ड फ्लायचा नियम (असा सोपा झेल घेण्याआधीच बॅटर आउट धरतात) लागून बॅटर आउट. सेकंडवरचा अँड्र्यू वॉन बेसकडे परतत होता आणि शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला क्षेत्ररक्षक) गनर हेंडरसनच्या वाटेत आला. हेंडरसनने झेल आरामात घेतला, तरीही वॉन आउट आणि मॅच तिथेच संपली. माळरान, तुमच्या मुलाला हे नक्की सांगा. असं फक्त त्याच्याच बाबतीत होत नाही.

---

तोक्योवासी | सायंकाळी ७:०५

जपानमध्ये या गोंधळावर भाषेनेच एक चांगला उपाय काढलाय. इंग्रजीत 'इंटरफिअरन्स' आणि 'ऑब्स्ट्रक्शन' हे दोन शब्द आहेत आणि कोणता कुठे वापरायचा यात समालोचकसुद्धा चुकतात. जपानीत 'बोगाइ' म्हणजे अडथळा, आणि त्याच्या आधी कुणाच्या कामात अडथळा ते येतं. 'शुबी बोगाइ' म्हणजे क्षेत्ररक्षणात अडथळा. 'सोरुई बोगाइ' म्हणजे धावणाऱ्याला अडथळा. 'दागेकी बोगाइ' म्हणजे बॅटरच्या फटक्यात अडथळा, म्हणजे कॅचरचा ग्लोव्ह बॅटला लागतो तो प्रकार. नाव ऐकलं की कुणाचं नुकसान झालं हे लगेच कळतं. माझ्या मुलीला तर नियम समजावून सांगावाच लागला नाही.

---

कोथिंबीर | सायंकाळी ७:१२

मग मराठीत क्षेत्रअडथळा, धावअडथळा, फटकाअडथळा. घ्या, आजचं काम झालं.

---

पाचवा_गिअर | सायंकाळी ७:२०

फटकाअडथळ्यावरून आठवलं, त्यात बॅटरला फर्स्ट बेस फुकट मिळतो ना? यँकीजचा जेकोबी एल्सबरी २०१६ च्या एका सीझनमध्ये १२ वेळा असा फर्स्टवर गेला होता, तो विक्रम आहे. मागे उभं राहून उशिरा बॅट फिरवायचा तो.

---

नदीकाठ | रात्री ८:३०

मी मिसिसॉगाला असते, घरात टोरांटोच्या ब्लू जेज टीमचे तीन पंखे आणि एक मी. माझा मुद्दा शेवगांच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

१४ ऑक्टोबर २०१५. सिनसिनाटीकर, तुमच्या आर्मब्रिस्टरला बरोबर ४० वर्षं झाली तोच दिवस. टोरांटो विरुद्ध टेक्सास, पाचवी आणि निर्णायक मॅच, सातवी इनिंग, २-२. थर्डवर टेक्सासचा रुग्नेड ओडोर. आमचा कॅचर रसेल मार्टिन चेंडू पिचरकडे नुसता परत टाकत होता, हजारदा टाकतात तसा. बॅटर शिन-सू चू बॉक्समध्ये उभा राहून हात लांब करून बॅट सावरत होता. चेंडू त्या बॅटला लागला आणि गडगडत थर्डच्या दिशेला गेला. ओडोर धावत होमवर. अंपायरने आधी डेड बॉल म्हटलं, मग चर्चा करून रन दिला. स्टेडियममधून बाटल्या आणि कॅन मैदानात येऊ लागले. आम्ही घरी सोफ्यावर ओरडत होतो, "बॅटला लागलाय, बाद द्या!"

आज तुम्ही सांगताय की हेतू बघत नाहीत. मग चू आउट का नाही?

---

पंचकाका | रात्री ९:००

नदीकाठ, प्रश्न अगदी नेमका आहे. मार्टिन त्या वेळी कुणालाही आउट करायला फेकत नव्हता. अडथळ्याचा नियम कॅचरची कृती वाचवतो, कुणाला तरी आउट करण्याचा प्रयत्न वाचवतो. नुसता चेंडू परत टाकताना तो बॉक्समधल्या बॅटरला किंवा त्याच्या बॅटला नकळत लागला तर चेंडू जिवंत राहतो, खेळ चालू. चूने मुद्दाम बॅट आडवी घातली असती तर तो आउट होता. तो आपल्या बॉक्समध्ये होता आणि त्याचं लक्षही नव्हतं. म्हणून रन बरोबर. आणि पुढे काय झालं ते तुम्हीच सांगा, तुमचा आनंद मी कशाला हिरावू?

---

नदीकाठ | रात्री ९:०८

त्याच इनिंगमध्ये टेक्सासने लागोपाठ तीन चुका केल्या आणि आमच्या होजे बटिस्टाने तीन रनचा होमर (आपल्या सिक्सरसारखा फटका) मारला! ६-३! मी जिन्यावरून खाली पळत जाऊन शेजाऱ्यांना मिठी मारली होती.

---

सिनसिनाटीकर | रात्री ९:२५

इतकं सगळं झालं तर फर्स्टकडे जाणाऱ्या पट्टीचाही उल्लेख व्हायला हवा, कारण लोक तोही बॅटरचाच अडथळा समजतात. होम ते फर्स्ट ९० फूट. त्यातल्या शेवटच्या ४५ फुटांत रनरने फाउल रेषेच्या (मैदानाच्या कडेच्या रेषेच्या) बाहेरच्या पट्टीतून धावायचं, नाहीतर फर्स्टकडे येणाऱ्या थ्रोच्या आड आला म्हणून आउट. पण बेस स्वतः रेषेच्या आत! उजव्या हाताचा बॅटर सरळ बेसकडे धावला तर आपोआप आतूनच जातो. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमध्ये नॅशनल्सच्या ट्रे टर्नरला असंच आउट दिलं. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ इतके भडकले की त्यांना मैदानाबाहेर काढलं. त्याच इनिंगमध्ये त्यांच्याच रेंडनने होमर मारला म्हणून बरं, नॅशनल्स ७-२ ने जिंकले.

---

पंचकाका | रात्री ९:४०

आणि १९६९ मध्ये मेट्सच्या जे. सी. मार्टिनने दहाव्या इनिंगमध्ये बंट केला, तो रेषेच्या आतून धावला, थ्रो त्याच्या मनगटाला लागला आणि विजयी रन आला. तेव्हा कुणीच काही दिलं नाही, फोटो नंतर आले. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन वर्ल्ड सिरीज, दोन उलटे निर्णय. शेवटी २०२४ पासून मेजर लीगने ती पट्टी आतल्या बाजूला हिरवळीपर्यंत रुंद केली. आता मातीवरून धावलात तर चालतं. माझ्या मते हा बदल फार आधीच व्हायला हवा होता.

---

शेवगा | रात्री १०:१५

मी जरा पुस्तकं चाळली. १९५१, ओव्हल, इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. लेन हटनच्या बॅटजवळून चेंडू वर उडाला. यष्टींवर पडेल म्हणून त्याने बॅटने तो बाजूला करायचा प्रयत्न केला आणि यष्टिरक्षक रसेल एन्डीनचा झेल हुकला. हटनला क्षेत्ररक्षणात अडथळा म्हणून बाद दिलं. झेल अडवायचा त्याचा विचार नव्हता, यष्टी वाचवायच्या होत्या. म्हणजे आपल्याकडेही यष्टिरक्षकाचा झेल बुडाला की हेतूचं पारडं हलकं होतं.

पंचकाका, मला तुमचं म्हणणं आता बरंचसं पटलंय. तरी रनरला आउट देण्याबद्दल मनात थोडी हळहळ आहेच. त्या मुलाने फक्त धावायचं काम केलं होतं.

---

पंचकाका | रात्री १०:२८

हळहळ मलाही वाटते, दर वेळी. पण त्या कॅचरने फक्त फेकायचं काम केलं होतं.

---

माळरान | सोमवार, रात्री ९:५०

व्हिडिओ मिळाला. दुसऱ्या टीमच्या एका मुलाच्या आईने प्लेटच्या मागच्या जाळीतून काढला होता आणि तिने आनंदाने पाठवला.

मी एकटाच आधी सात-आठ वेळा पाहिला, अडवून अडवून. बॅट पूर्ण फिरली, डाव्या खांद्यावरून पाठीवर आली, पण कॅचरला लागली नाही, दोघांत वीतभर अंतर आहे. मात्र चेंडू बाहेरचा होता म्हणून पोराचं सगळं वजन पुढे गेलं, मागचा उजवा पाय बॉक्समधून निघाला आणि थेट होम प्लेटवर पडला. कॅचर त्याच क्षणी उठतोय. त्याचं कोपर मुलाच्या पाठीवर आपटतं, हात आखडतो आणि चेंडू गळल्यासारखा पडतो. रानजाई, तुम्ही लिहिलं होतं तसंच, हुबेहूब. अंपायरचा निर्णय बरोबर होता. कठड्याशी उभा राहून मी त्याच्यावर ओरडलो होतो. पुढच्या शनिवारी भेटला की हात जोडून माफी मागणार आहे.

मग मुलाला दाखवला. तीनदा बघितला, काही बोलला नाही. चौथ्यांदा थांबवून विचारलं, "त्याचं कोपर दुखलं असेल का?" मी म्हटलं, विचार त्याला, तुझ्याच शाळेत आहे. पंचकाकांचं 'पळवाट' आणि वॉनची मॅच, दोन्ही सांगितलं. रनर का आउट हे त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं. म्हणाला, "नाहीतर मी दर वेळी स्ट्राइक आउट झाल्यावर मुद्दाम पडलो असतो."

आज संध्याकाळी गाडी लावायच्या जागेत बॉक्स आखला. मोठ्यांचा ४ फूट बाय ६ फूट असतो, आमच्या लीगचा ३ फूट रुंद. चुना नव्हता, बायकोने दिवाळीची उरलेली पांढरी रांगोळी काढून दिली. तासभर तो बॅट फिरवत होता आणि मी प्रत्येक वेळी मागच्या पायाकडे बघत होतो. पहिल्या वीसपैकी अकरा वेळा पाय रेषेबाहेर. शेवटच्या वीसपैकी चार वेळा. बाहेरच्या चेंडूला अजूनही पुढे झुकतो.

---

रानजाई | सोमवार, रात्री १०:२०

चार म्हणजे फार चांगलं! पण रांगोळी नको, पायाखाली सरकते, घसरेल तो. फुटपाथवर मुलं चित्रं काढतात तो जाड खडू घ्या. आणि मागे एक बादली उलटी ठेवा, कॅचर जिथे बसतो तिथे. पाय घसरून पुढे गेला की बादलीकडे वळून बघायला सांगा, तिथून सेकंड बेस दिसतो का ते.

---

माळरान | सोमवार, रात्री १०:३१

बादली आत्ताच बाहेर ठेवली. उद्या शाळेतून आला की सुरू.